नाण्यावरचे नाव कोणाचे?

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. मध्ययुगीन नाण्यांवरचा तुझा मसुदा मी दोनदा वाचला. खुत्बा (शुक्रवारच्या नमाजातील प्रवचनात राज्यकर्त्याचे नाव घेणे) आणि सिक्का (त्याच्या नावाचे नाणे) ही राज्यपदाची दोन मोठी चिन्हे होती, हे तू नेमके मांडले आहेस. मात्र नाण्यावर ज्याचे नाव, त्याचीच सत्ता, असे पुढे गृहीत धरले आहेस, ते मला पटले नाही.

बगदादचा खलिफा अल-मुस्तासिम १२५८ मध्ये मंगोलांच्या हातून मारला गेला. तरीही दिल्लीचे सुलतान बल्बन आणि त्यानंतर जलालुद्दीन खलजी यांच्या नाण्यांवर त्याचेच नाव आहे. म्हणजे मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षे दिल्लीची टाकसाळ ते कोरत राहिली. सुलतानाला आपल्या तख्ताच्या पाठीशी ते नाव हवे होते, मग ते धारण करणारा हयात असो वा नसो. याउलट महंमद तुघलकाने १३३०च्या सुमारास तांब्या-पितळेच्या नाण्याला चांदीच्या टंक्याचे मोल दिले आणि सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो असा लेख त्यावर घातला. पण बनावट नाण्यांचा सुळसुळाट होऊन थोड्याच वर्षांत ती परत घ्यावी लागली. नुसत्या नावाला बाजाराने किंमत दिली नाही.

आता शिवराई हातात घे. भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे दोन ओळींत ‘छत्रपति’. चकती साच्याहून लहान असल्यामुळे बहुधा एखादे अक्षर काठाबाहेर गेलेले असते. आसपासच्या सत्तांच्या नाण्यांवर फार्सी लेख असताना ही देवनागरी अक्षरे तांब्याच्या पैशावर, म्हणजे सामान्य माणसाच्या मुठीत पोहोचली, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. आणि त्याच मराठी राज्यात पुढे पेशवाईत पुण्याचा अंकुशी (अंकुशाचे चिन्ह असलेला) रुपया मात्र मोगल बादशाहाच्या नावाने पडत होता, कारण चांदीच्या व्यवहारात ते नाव सर्वत्र ओळखीचे होते. तुझ्या मसुद्यात या रुपयाचा उल्लेखही नाही. तो यायलाच हवा.

पुढच्या खेपेला छायाचित्रांवर विसंबू नकोस. प्रत्येक नाणे तोलून वजन लिहून ठेव, ते घासून उजळवू नकोस, आणि सराफांनी पारख करताना मारलेल्या बारीक खुणा भिंगाखाली पाहून त्यांची वेगळी नोंद कर.

तुझा हितचिंतक