कोर्सची फी ७८ हजार, पण खर्च किती?

प्रश्न : मी औशाची, वय २४, बी.कॉम. झाले आहे. लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर टॅलीचं काम बघते. पगार १४ हजार, त्यातले ७ हजार घरी देते. वडिलांची तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. मला वेब डिझाइन शिकायचं आहे. पुण्यातल्या एका क्लासचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. फी ७८ हजार, ‘बिनव्याजी’ १२ हप्त्यांत. एकरकमी भरली तर ७० हजार. नोकरीची हमी देतात. आईच्या नावावरची १ लाख ४० हजारांची एफडी दोन महिन्यांनी सुटते. ती वापरून, नोकरी सोडून जावं का? आमचे मालकही दुकानाची वेबसाइट करून दे म्हणतात.

उत्तर : शिका, जरूर शिका. पण नोकरी सोडू नका आणि हप्त्यांच्या कागदावर आत्ता सही करू नका.

तुम्ही ७८ हजारांचा विचार करताय. पुण्यात कॉट बेसिसवर राहणं, मेस, येणं-जाणं मिळून महिन्याला नऊ हजार धरले, तर सहा महिन्यांचे ५४ हजार. बुडालेला पगार ८४ हजार. लॅपटॉप ४५ हजारांचा. बेरीज २ लाख ६१ हजार होते. फीमध्ये जीएसटी धरलेला आहे असं मी मानलंय. नसेल तर १८ टक्के आणखी. एवढं करून घरी जाणारे ७ हजार बंद. तुमच्या घरात पिकाचा पैसा वर्षातून एकदा-दोनदा येतो. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला, पण प्रत्यक्ष पट्टी कितीची निघते हे मोंढ्यात बसणाऱ्या माणसाला मी काय सांगणार?

आता ते ‘बिनव्याजी’ प्रकरण. एकरकमी ७० आणि हप्त्यांनी ७८, म्हणजे मधले आठ हजार हे व्याजच. ७० हजारांवर ६,५०० चे १२ हप्ते मांडून बघा, व्याजदर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच बजावलं होतं. शिवाय हे हप्ते बहुतेक वेळा क्लासला द्यायचे नसतातच. एखादी फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज देते आणि रक्कम क्लासला मिळते. मोंढ्यात उचल घेणारा आणि फेडणारा शेतकरी एकच असतो. इथे उचल क्लास घेतो, फेडायची तुम्ही. शिकवणं आवडलं नाही, शिक्षक बदलले, क्लासला टाळं लागलं, तरी हप्ता चालू. चुकला तर सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर डाग, आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की तोच आडवा येतो. कर्ज देणाऱ्याने वार्षिक खर्चाचा दर लिहिलेलं मुख्य तथ्य विवरण तुम्हाला कळेल अशा भाषेत द्यायचं असतं. ते मागा. ‘शेवटच्या चारच जागा’ म्हणणारा ते देताना सहसा अडखळतो. नोकरीच्या हमीचंही तसंच: किती पगाराची, किती दिवसांत आणि नाही मिळाली तर किती पैसे परत, हे लेखी नसेल तर ती हमी नाही, जाहिरात आहे.

शिकायला सुरुवातीला पैसा लागत नाही. फ्रीकोडकॅम्प या साइटवर एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट या वेबसाइट बनवायच्या भाषा फुकट शिकता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे बरेच पाठ मराठी आवाजात आहेत. कोड लिहायचा व्हीएस कोड फुकट, आणि साधी वेबसाइट गिटहब पेजेसवर भाडं न देता ठेवता येते. आठ जीबी रॅमचा जुना, दुरुस्त केलेला लॅपटॉप २०-२२ हजारांत पुरेल. डेस्कटॉप नको, औशात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

आणि पहिली वेबसाइट तुमच्याकडे चालून आलीय, मालकांची! ती फुकट करू नका. सहा हजार सांगा, निम्मे आगाऊ. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, मालकांच्याच नावावर आणि त्यांच्याच खर्चाने घ्या. पहिल्या वर्षीच्या सवलतीवर जाऊ नका, नूतनीकरणाचा दर बघा, तोच दरवर्षी भरायचा असतो. भाव बदलणं, फोटो टाकणं यासाठी वर्षाचे वेगळे पैसे आधीच ठरवा. मजकूर घेताना एक गोष्ट तपासा. आपल्याकडे पत्रकं, बिलं अजून श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली असतात. ती जशीच्या तशी चिकटवली तर पानावर भलतीच अक्षरं दिसतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावी लागतात. मुक्ता, बलू असे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. हे बारीक काम नीट करणारा माणूस डाळमिलवाल्याला, बियाणेवाल्याला, क्लासवाल्याला हवा असतो. नुसतं देखणं पान हल्ली एआयसुद्धा काढून देतं, त्यामुळे तेवढंच शिकण्यासाठी ७८ हजार मला जास्त वाटतात. तुमची खरी पुंजी ही, की मोंढ्यातले व्यापारी तुम्हाला ओळखतात आणि बिल, पावती, जीएसटी तुम्हाला कळतं.

सहा हजारांच्या हिशेबाने नुसती फी निघायला तेरा वेबसाइट लागतील. लातूर-औशात तेरा गिऱ्हाइकं मिळतील? ‘व्हॉट्सअॅप आहे की’ म्हणणारेच जास्त भेटतील. म्हणून आधी चार-पाच महिने संध्याकाळी शिका आणि मालक सोडून दोन अनोळखी गिऱ्हाइकांकडून पैसे घेऊन दाखवा. ते जमलं तर नोकरी सांभाळून करता येईल असा संध्याकाळचा किंवा ऑनलाइन कोर्स बघा, फी कमाईतून, एकरकमी. नाही जमलं तर गेला फक्त वेळ, आणि लॅपटॉप हिशेबाच्या कामाला आहेच.

एफडी सुटेल तेव्हा आईंशी बोलून तिचे दोन भाग करा. एक लाख पुन्हा एफडीत ठेवा. घरातल्या अडीअडचणीचे ते पैसे आहेत, कोर्सचे नाहीत. उरलेल्या ४० हजारांतून लॅपटॉप घ्या आणि बाकी बचत खात्यात राहू द्या. मध्येच गरज पडली तर लाखाची एफडी मोडण्याआधी बँकेत त्यावर कर्ज मागा, दर साधारणपणे एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल तर मुदतीच्या आधी बँकेत जाऊन ती बदला, नाहीतर सगळी रक्कम पुन्हा अडकेल. सही आईंची लागेल, त्यांना सोबत न्या.