विचारा बिनधास्त: मॉनिटर नक्की कुठला घेऊ?

या महिन्यात मॉनिटरचेच प्रश्न इतके आलेत की बाकीचे पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि 'बेस्ट मॉनिटर कोणता ते एका ओळीत सांगा' वाल्यांना उत्तर दिलेलं नाही, कारण तुम्ही त्याच्यापुढे बसून दिवसभर काय करता ते कळल्याशिवाय कोणी सांगत असेल तर तो स्टॉक संपवतोय एवढंच समजा.

प्रश्न: आयटीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. दुकानात 27 इंची फुल एचडी, कर्व्ह्ड, 165 हर्ट्झ असा एक दाखवला आणि तीनेक हजारांनी महाग 27 इंची क्यूएचडी, सपाट, 75 हर्ट्झ असा दुसरा. दुकानदार म्हणतो पहिला घ्या, गेमिंगचा आहे, डोळ्यांना स्मूथ वाटतो. माझे संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात आणि मान धरते. गेम मी खेळत नाही. (वाचक, चिंचवड)

दुसरा घ्या. गेम खेळत नाही म्हणताय आणि तरी गेमिंगचा गळ्यात मारतायत, म्हणजे काय म्हणायचं.

हिशोब सोपा आहे. फुल एचडी म्हणजे 1920 बाय 1080 ठिपके, स्क्रीन केवढीही असो ठिपके तेवढेच. 24 इंचात ते बसवले तर एका इंचात साधारण 92 येतात, 27 मध्ये ताणले तर 82 वर येतात. क्यूएचडी म्हणजे 2560 बाय 1440, 27 इंचात इंचाला 109 पडतात. आता तुमचा 15.6 इंची लॅपटॉप फुल एचडी असेल तर तिथे 141 आहेत, म्हणजे डोळ्यांना 141 ची सवय आणि समोर येणार 82, मग अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसणारच. इंग्रजी तरी कसंबसं निभावतं, मराठी वाचताना खरी पंचाईत होते कारण आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षर असं सगळं एकाच अक्षराच्या उंचीत कोंबलेलं असतं. दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर एखादी मराठी पीडीएफ न्या, शंभर टक्क्यांवर उघडा आणि 'उद्ध्वस्त', 'सर्वांत', 'राष्ट्र' असे शब्द हातभर अंतरावरून वाचून बघा. दुकानातला तो मासे पोहणारा डेमो व्हिडिओ बंदच करायला सांगा, त्यात प्रत्येक मॉनिटर छान दिसतो.

165 हर्ट्झचं म्हणाल तर, हर्ट्झ म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते तो आकडा, 60 वरून 100 ला गेलात की पान सरकवताना फरक कळतो, आवडतोही, पण तुमच्या कामाला त्याच्या वर जाऊन फारसं हाती लागत नाही. कर्व्ह 27 इंचाला मला तरी शोभेचाच वाटतो. शिवाय स्वस्तातले कर्व्ह्ड बहुतेक व्हीए नावाच्या पॅनेलचे असतात, दुसरा सर्रास मिळणारा प्रकार आयपीएस. व्हीए वाईट नाही हां, त्याचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, 3000 ला 1 च्या आसपास असतं, आयपीएसचं साधारण 1000 ला 1, त्यामुळे रात्री दिवे बंद करून पिक्चर बघायचा तर व्हीएचा काळा जास्त काळा. पण काळ्या बॅकग्राउंडवर कोड लिहिणारे लोक स्क्रोल करतात तेव्हा अक्षरांमागे शेपूट दिसतं ते याच पॅनेलमध्ये. एचडीआरचं (उजेड-अंधार जास्त खुलवून दाखवणाऱ्या तंत्राचं) स्टिकर असेल तर या किमतीत ते नावापुरतं, त्यासाठी एक रुपया जास्त देऊ नका.

आता मान. हे कोणी विचारत नाही आणि माझ्या मते अर्धा त्रास इथेच आहे. स्वस्त मॉनिटरचा स्टँड फक्त पुढेमागे कलतो, वरखाली होत नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली हवी आणि अंतर हातभर. वरखाली होणारा स्टँड मिळाला तर उत्तम, नाहीतर पाठीमागे चार स्क्रूंची भोकं आहेत का बघा, 75 किंवा 100 मिलिमीटरची, त्याला व्हेसा माउंट म्हणतात, त्यावर नंतर कधीतरी आर्म, म्हणजे मॉनिटर धरून ठेवणारा वरखाली होणारा दांडा, लावता येतो. तेही नको असेल तर जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या आहेतच, कोणी हसलं तर हसू दे.

डोळे चुरचुरतात त्याचं पहिलं कारण मॉनिटर नव्हे, स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. दुसरं कारण ब्राइटनेस. मॉनिटर कारखान्यातून येतो तो दुकानात उठून दिसावा म्हणून भगभगीत सेट केलेला असतो. स्क्रीनशेजारी पांढरा कागद धरा, स्क्रीन कागदापेक्षा दिव्यासारखी पेटलेली वाटली तर कमी करा. तिसरं म्हणजे फ्लिकर, काही मॉनिटर ब्राइटनेस कमी केला की बॅकलाइट भराभर चालूबंद करतात. ब्राइटनेस उतरवून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करा, काळे पट्टे सरकताना दिसले तर तो मॉनिटर तिथेच ठेवा.

आणि घ्यायच्या आधी कंपनीच्या लॅपटॉपचं पोर्ट बघा बरं का. टाइप-सी असलं म्हणजे त्यातून चित्र जातंच असं नाही, काही पोर्ट फक्त चार्जिंगला आणि डेटाला असतात. शेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्टचं, विजेच्या बाणाचं चिन्ह असेल तर बहुतेक काम झालं, नक्की काय ते मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये मिळेल. मग टाइप-सीवाला मॉनिटर जमत असेल तर एकाच केबलने चित्रही जातं आणि लॅपटॉप चार्जही होतो, टेबलावरचा वायरींचा गुंता संपतो. मॉनिटर किती वॅट देतो ते बघा, साध्या लॅपटॉपला 65 पुरतात.

प्रश्न: डीटीपी आणि छपाईचं काम करतो. स्क्रीनवर भगवा झकास दिसतो, छापून आला की विटकरी. गिऱ्हाईक माझ्यावर ओरडतं. महागडा मॉनिटर घेतला तर सुटेल का? (वाचक, सातारा)

अर्धं सुटेल. स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा प्रकाश फेकते आणि प्रेस चार शाया कागदावर टाकते. झगझगीत भगवा, पोपटी, गडद निळा हे रंग प्रकाशात तयार होतात पण त्या चार शायांत बसतच नाहीत, कितीही महाग मॉनिटर आणला तरी. चांगल्या मॉनिटरचा फायदा एवढाच की तो तुम्हाला आधीच खरं दाखवेल, आणि गिऱ्हाईक ओरडायच्या आत तुम्ही त्याला सांगू शकाल. म्हणून फाइल पहिल्यापासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे त्याच चार शायांच्या रंगांत ठेवा आणि सॉफ्टवेअरमधला छापल्यावर कसं दिसेल ते दाखवणारा प्रूफचा व्ह्यू चालू ठेवा. भगवा जसाच्या तसा हवाच असेल, म्हणजे निवडणुकीचं किंवा जयंतीचं काम असेल, तर ऑफसेटवाल्याला तयार शाईचा स्पॉट कलर विचारा, पाचवा रंग म्हणून टाकतात, पैसे जास्त पडतात पण रंग मिळतो.

मॉनिटर घेताना आयपीएस, एसआरजीबी (स्क्रीनच्या रंगांचा ठरलेला मानक पट्टा) 99 टक्के लिहिलेला, आणि मेन्यूत एसआरजीबी मोड असलेला घ्या. बॉक्सवर नुसतं '1.67 कोटी रंग' लिहिलेलं असतं त्याचा इथे उपयोग नाही, ते सगळेच लिहितात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कॅलिब्रेटर, स्क्रीनवर टेकवून रंग मोजणारं छोटं यंत्र. गावातल्या तीनचार डीटीपीवाल्यांनी मिळून एक घेतलं तरी चालेल, रोज लागत नाही. आणि ब्राइटनेस उतरवा, 'छापून काळपट आलं' या तक्रारीत पुष्कळदा दोष प्रेसचा नसतो, स्क्रीनच फार उजळ असते. खिडकीचं ऊन थेट स्क्रीनवर पडत असेल तर टेबलाची जागा बदला, त्याला पैसे लागत नाहीत.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. पेपर वाचणे, थोडं मराठी टायपिंग आणि लेकीशी व्हिडिओ कॉल एवढंच काम. घरात 32 इंची टीव्ही आहे, तोच लॅपटॉपला जोडून चालेल का? (वाचक, रत्नागिरी)

बाई, लेकीशी बोलायला झकास चालेल, सोफ्यावर बसून घरातले सगळे दिसाल. वाचायला मात्र नको. आपल्याकडचे पुष्कळसे 32 इंची टीव्ही 1366 बाय 768 चे असतात, म्हणजे इंचाला जेमतेम 49 ठिपके, जवळून बघितलं की अक्षरं फुटतात. वाचायला 24 इंची साधा आयपीएस फुल एचडी घ्या आणि विंडोजमध्ये स्केलिंग 125 टक्के करा, अक्षर मोठं होईल.

एक खास तुमच्यासाठी. चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर वर लिहिलेला उंचीचा नियम तुम्हाला लागू नाही. तुम्ही भिंगाच्या खालच्या भागातून वाचता, त्यामुळे स्क्रीन उंच असली की हनुवटी वर करून बघत राहाल आणि मान दुखेल. स्क्रीन खाली ठेवा आणि थोडी मागे कलवा. टायपिंग जास्त असेल तर स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करून मिळतो, डोळ्यांच्या डॉक्टरांना घरी टेपने अंतर मोजून सांगा.

प्रश्न: दादा, माझ्याकडे अ‍ॅपलचा एम वन चिपवाला मॅकबुक एअर आहे, एडिटिंग शिकतोय. दोन मॉनिटर लावायचेत, हब घेतला तरी दोन्हीवर सेमच चित्र येतंय. (विद्यार्थी, कल्याण)

हब बिघडलेला नाही रे, पैसे परत मागायला जाऊ नकोस. तो लॅपटॉप बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, एम टू एअरचंही तसंच. एम थ्रीमध्ये झाकण बंद केलं तर दोन, एम फोरपासून झाकण उघडं ठेवून दोन. डिस्प्लेलिंकवाला डॉक, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मदतीने जादा मॉनिटर चालवणारा डबा, घेऊन जुगाड होतो, पण ड्रायव्हर टाकावा लागतो आणि तो चालू असताना ओटीटीवरचे पिक्चर काळे दिसतात, शिवाय एडिटिंगला मला तो रुचत नाही. तुझ्या जागी मी एकच चांगला मॉनिटर घेईन, 27 इंची 4के (क्यूएचडीपेक्षाही जास्त ठिपक्यांचा), मॅकवर अक्षरं त्यावरच खरी सुंदर दिसतात. फक्त केबल आणि हब एचडीएमआय 2.0 किंवा पुढचे बघ, 1.4 वर 4के फक्त 30 हर्ट्झला चालतं आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो.

प्रश्न: टॅक्सचं काम करतो, दिवसभर एक्सेल आणि जीएसटी पोर्टल. दोन 24 इंची घेऊ की एक मोठा? लाइटचा भरवसा नाही. (वाचक, लातूर)

एका बाजूला पोर्टल आणि दुसऱ्या बाजूला शीट असं काम असेल तर दोन 24 इंची, डोळे झाकून. पण एकाच लांबलचक शीटमध्ये डोकं घालून बसत असाल तर 27 इंची क्यूएचडी. एक्सेलची साधी ओळ 20 ठिपक्यांची असते, क्यूएचडीला उंचीत 360 ठिपके जास्त, म्हणजे 18 ओळी जास्त दिसतात, मार्चएंडला त्या 18 ओळींची किंमत तुम्हाला माहीत आहे. अक्षर थोडं बारीक होईल, चाळिशी ओलांडली असेल तर आधी दुकानात बसून बघा. ओएलईडी, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारा पॅनेल, तुम्ही घेऊ नका, दिवसभर तीच टूलबार, तेच रकाने तिथल्या तिथे राहिले की त्यांचा डाग पॅनेलवर कायमचा बसू शकतो.

लाइटचं म्हणाल तर असे मॉनिटर 20-30 वॅटच घेतात, यूपीएसला ते काहीच नाही, बॅटरी खातो तो डेस्कटॉप. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, ते दाबलेलं नसेल तर लाइट गेल्यावरच्या त्या क्षणात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बिल जीएसटी नंबर टाकून घ्या, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच.

प्रश्न: ब्लू लाइटचा चष्मा घ्यावा का? (पाच-सहा जणांनी विचारलंय)

नको. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही तिकडच्या नेत्रतज्ज्ञांची संस्थासुद्धा कॉम्प्युटरसाठी तो सुचवत नाही. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघा, फुकट आहे.

प्रश्न: भाऊ न्यू जर्सीहून येतोय, तिथे सेलमध्ये स्वस्त आहे, आणायला सांगू का? (वाचक, पुणे)

करंटचा प्रश्न नाही, बहुतेक मॉनिटर 100 ते 240 व्होल्टवर चालतात, पिन बदलली की झालं, पण अ‍ॅडॉप्टरवर वाचून खात्री करा. प्रश्न वॉरंटीचा आहे. इथे घेतलेल्या मॉनिटरला बहुतेक ब्रँड 3 वर्षं देतात, तिथून आणलेल्याला इथलं सर्व्हिस सेंटर बहुधा हात लावत नाही, आणि चेक-इन बॅगेतून पॅनेल धड पोचेल याची खात्री कोण देणार. त्यापेक्षा टिळक रोडला चक्कर मारा, चालू करून, काळी आणि पांढरी स्क्रीन लावून मेलेले पिक्सेल, म्हणजे नीट न पेटणारे ठिपके, बघून घ्या. भावाला काय दुसरं आणायला सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.