कॅम्पिंग लोकांना खरंच आवडतं का, की नुसतं फोटोपुरतं?

तुम्ही विचारलंय की मित्र डिसेंबरात तंबूत राहायला चल म्हणून मागे लागलेत, तुम्ही आजवर कधी गेला नाहीत, आणि लोकांना हे मनापासून आवडतं की चारचौघांत आवडतं म्हणावं लागतं. मला आवडतं. माझ्या नवऱ्याला अजिबात आवडत नाही. आणि आम्ही दोघंही खरं बोलतोय.

मी डोंबिवलीची. पहिल्यांदा घराबाहेर उघड्यावर झोपले ती डिसेंबर १९९८ मध्ये, हरिश्चंद्रगडावर. कॉलेजचे नऊ जण, त्यात मुली दोनच. कल्याणहून माळशेज घाटातून जाणारी एसटी धरायची, खुबी फाट्याला उतरायचं, चालत खिरेश्वर गाठायचं आणि तोलार खिंडीतून वर. तंबू आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. असतो कसा, हेही फारसं कुणी पाहिलं नव्हतं. देवळाजवळच्या लेण्यात सतरंजी अंथरली, घरून आणलेली सोलापुरी चादर अंगावर घेतली आणि झोपलो. म्हणजे आडवे झालो. गड सुमारे १४२४ मीटर उंच, खाली कातळ. थंडी वरून येते अशी माझी समजूत होती. ती खालून येते हे त्या रात्री पाठीला कळलं. पहाटे तीनला मी बसून होते आणि माझ्यासारखे आणखी चार जण बसून होते, पण एकमेकांना कळू नये म्हणून डोळे मिटून.

परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, मस्त! आता तुमच्या प्रश्नाच्या हिशेबाने हे खोटं झालं का? तर नाही, कारण आदल्या संध्याकाळी कोकणकड्यावर पालथं पडून खाली पाहिलं होतं. तो कडा आतून खरवडून काढल्यासारखा आहे, त्यामुळे काठावरून डोकं पुढे काढलं की तुमच्या पोटाखाली कडा असतो आणि डोळ्यांखाली एकदम कोकण. पावसाळी वाऱ्यात तर टोपी खाली टाकली तरी ती वर येते. सूर्य गेला, खाली एकेक दिवा लागत गेला, आणि आमच्यातला सगळ्यात बडबड्या मुलगाही अर्धा तास गप्प होता. ते एका बाजूला आणि रात्रभराचं कुडकुडणं दुसऱ्या बाजूला ठेवलं तर माझ्यापुरतं पहिलं पारडं जड होतं.

पण एक गोष्ट मी तेव्हा कुणालाच सांगितली नाही. त्या दिवशी दुपारनंतर मी पाणी प्यायलेच नव्हते. रात्री उठून बाहेर जावं लागू नये म्हणून. माझ्या मैत्रिणीनेही नाही. दोघींची डोकी दुखत होती आणि दोघी एकमेकींना म्हणत होतो, उन्हामुळे असेल. कॅम्पिंग आवडत नाही म्हणणाऱ्या बायकांना विचारून पाहा (आधी ओळख वाढवा, मग विचारा), त्यातल्या कितीतरी जणींचं कारण शेवटी इथेच येऊन थांबतं. डोंगर नको असं त्या म्हणतच नसतात. काळोखात टॉर्च घेऊन, पाळी चालू असताना, सात पुरुषांच्या घोळक्यातून उठून झुडूप शोधायला जायचं नको असतं. हे बोलायचं कसं, म्हणून मग ‘मला नाही बाई ते मानवत’ एवढंच सांगून विषय संपवतात. मी सांगायला लागले तेव्हा माझं वय पस्तिशीच्या पुढे गेलं होतं. तेव्हापासून सोबत छोटी खुरपी असते, आणि ग्रुपमधल्या पुरुषांना पहिल्यांदाच सांगून ठेवते की अमुक बाजूला फिरकायचं नाही. कुणी हसत नाही. उगाचच इतकी वर्षं घाबरले.

आता नवऱ्याची बाजू. त्याला २०१६ मध्ये, मुलगा नऊ वर्षांचा असताना, मी त्याच गडावर नेलं, या वेळी पाचनईकडून. ती वाट सोपी, दोन-अडीच तासांत माणूस वर. नवाकोरा तंबू घेतला होता, घुमटाच्या आकाराचा, तीन माणसांचा. (तीन माणसांचा तंबू म्हणजे तीन माणसं आणि शून्य पिशव्या, हे दुकानात कुणी सांगत नाही.) कड्याजवळ लावायचा हट्ट माझा. तिथे सगळा कातळ, त्यात तंबूच्या खुंट्या घुसत नाहीत, वाकतात. मग दोऱ्या धोंड्यांना बांधल्या. रात्री दहानंतर वारा सुटला. तंबूचं कापड असं फडफडायला लागलं की कानाशी कुणी सतरंज्या झटकतंय असं वाटावं. एक धोंडा सरकला, तंबूची एक बाजू उचलली गेली, आणि नवरा उठून त्या कोपऱ्यात जाऊन बसला. पहाटेपर्यंत बसून राहिला. मध्ये एकदाच बोलला, “मला तू पेपरवेट म्हणून आणलंयस का?” सकाळी आतल्या बाजूने कापडावरून पाणी ठिबकत होतं. पाऊस नव्हता, तिघांचा श्वास होता तो. वाऱ्याच्या भीतीने आम्ही सगळ्या चेन बंद करून घेतल्या होत्या. मुलगा मात्र सलग आठ तास झोपला आणि उठल्यावर म्हणाला, परत कधी यायचं?

नवऱ्याला गड आवडला, केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात कमरेपर्यंत उतरून तो पिंडीला प्रदक्षिणा घालून आला. त्याला आवडत नाही ती फक्त झोप मोडणं. त्याच्या कमरेचा मणका दुखरा आहे आणि रात्र वाईट गेली की पुढचे दोन दिवस त्याचे वाईट जातात. एवढंच कारण. पण ‘नको’ म्हटलं की लोक त्याला ऐषआरामी ठरवतात. आता आम्ही पाचनईतच एका घरी उतरतो. पिठलं, नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा, ओटीवर झोपायला गोधड्या. तिथल्या मावशी आम्हाला पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या, “ताई, हितं ओटीवर पडा की निवांत. वर गारठ्यात कशापायी जाताय?” मी वर जाते, तो ओटीवर झोपतो आणि पहाटे वर येऊन मला गाठतो. सोळा-सतरा वर्षांच्या संसारात लागलेला हा मोठा शोध.

तुमचे मित्र कुठे नेणार आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. पवना धरणाच्या काठी असेल तर तो वेगळाच प्रकार. ऑफिसातल्या लोकांबरोबर मी एकदा गेलेय. तंबू आधीच रांगेत लावलेले असतात, आत गाद्या, संध्याकाळी चहा-भजी, मग शेगडीवर भाजलेलं चिकन नाहीतर पनीर, मग जेवण, शेकोटी, सकाळी पोहे. समोर पाणी, पलीकडे तुंग, तिकोना. जागा देखणी. पण आमच्या शेजारच्या तंबूवाल्यांचा स्पीकर रात्री एकपर्यंत चालू होता. दहानंतर लावायचा नाही हा नियम सांगायला गेले तर मालकाने मलाच समजावलं की ताई, लोक एन्जॉय करायला येतात. तिथे आलेल्या बहुतेकांना खूप मजा आली, आणि ती खोटी नव्हती. फक्त ती पार्टीची मजा होती, आणि तीच पार्टी एखाद्या हॉलमध्ये झाली असती तरी तितकीच आली असती. मला विचाराल तर तिथे झोपण्यापेक्षा घरी झोपलेलं बरं.

असंच काजव्यांचं. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आधी, भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा, सादडा, जांभूळ अशी झाडं अख्खी लखलखतात. ते लखलखणं म्हणजे नराने मादीला घातलेली साद. ती दिसायला काळोख लागतो, आणि आम्ही शहरातले लोक काळोख बघायला गाडीचे हेडलाइट लावून जातो, वर मोबाइलचा टॉर्च. एकदा पाहिलं आणि तिथला मुक्काम मी सोडून दिला. हे आवडण्या-नावडण्यापलीकडचं आहे, जाऊ दे.

या सगळ्यात जिच्याबद्दल मला खरं तर लिहायचं होतं ती माझी आई. ती आता सत्तरीत आहे. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा वारीला गेली आणि मग जमेल तितकी वर्षं जात राहिली. आळंदी ते पंढरपूर, १८-२० दिवस, ऐन ज्येष्ठ-आषाढात. रोज नवा तळ, रोज राहुटी उभारायची, रोज मोडायची. हिला ‘आई, तुला कॅम्पिंग आवडतं का’ असं विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहील. पण हिशेब केला तर आमच्या सगळ्या ट्रेकर मंडळींच्या आयुष्यभराच्या रात्रींपेक्षा तिच्या तंबूतल्या रात्री जास्त भरतील.

एका वर्षी मी तिच्याबरोबर पुण्याहून वाल्ह्यापर्यंत चालले. दिवे घाट चढून सासवडला पोचलो तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरली की जेवण आणि सामानाचा ट्रक यांची चिंता नसते, पण बाकी सगळं आपलं आपण. एका राहुटीत आम्ही चौदा बायका. पाऊस आला तेव्हा साठीच्या एक आजी उठल्या, कुदळ मागून घेतली आणि राहुटीभोवती चर खणायला लागल्या, पाणी आत येऊ नये म्हणून. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, दोघी-तिघी आपोआप मदतीला गेल्या. पहाटे तीनला टँकरपाशी अंघोळीला रांग, कारण उजाडायच्या आत आटपायचं. मी आयुष्यात इतकं अवघडलेली कधी झोपले नव्हते, आणि आईचा हात माझ्या तोंडावर पडला होता.

मी तिसऱ्या रात्री तिला विचारलं, तुला त्रास नाही होत याचा? ती म्हणाली, “होतो की. पण इथे मला कुणी विचारत नाही, आज भाजी काय करायची.”

त्या वाक्याने माझा कॅम्पिंगचा सगळा इतिहास मला नव्याने दिसला. गडांवर आमच्या ग्रुपमध्ये कांदा कोण चिरत होतं, रात्रीची खरकटी भांडी गार पाण्यात राखेने कोण घासत होतं, आणि तेव्हा शेकोटीपाशी गाणी कोण म्हणत होतं? ज्यांना कॅम्पिंग प्रचंड आवडतं असं मी ऐकत आले, त्यातले कितीतरी गाणी म्हणणारे होते. आणि जिला ‘ठीक होतं’ वाटलं ती पातेलं घासत होती. घरचंच काम उतारावर, काळोखात, नळाशिवाय करायला लागलं तर ते कुणाला का आवडावं?

तेव्हा तुमच्या मित्रांना स्वयंपाक आणि भांडी कुणाकडे आहेत एवढं विचारून घ्या. उत्तर तुमच्याकडे बघत दिलं तर जाऊ नका. वाटून घेतलेलं असेल तर जरूर जा, आणि आवडलं नाही तर नेमकं काय आवडलं नाही ते त्यांना स्पष्ट सांगा, पुढच्या वेळी तेवढं टाळता येतं. हरिश्चंद्रगडच असेल तर तो अभयारण्यात येतो, तंबूला परवानगी आहे ना ते आधी गावात विचारा. कड्याच्या काठापासून लांब, झाडाच्या किंवा धोंड्याच्या आडोशाला तंबू लावा, पण ओढ्याच्या खोलगटात नको, तिथे गारठा साचतो. डोकं चढाकडे, पाय उताराकडे. चेन थोडी उघडी ठेवा. पाणी प्या. आणि अंगाखाली जाड मॅट घ्या, पांघरूण एक कमी नेलंत तरी चालेल.

तो घुमटाचा तंबू मी मागे आईला दाखवला, म्हटलं वारीला ने, हलका आहे, पाच मिनिटांत उभा राहतो. तिने गुडघ्यांवर हात ठेवून वाकून आत पाहिलं, बाहेर आली आणि म्हणाली, “यात माणूस उभं राहत नाही. मग पातळ नेसायचं कुठे?”