वास्तव संख्यांचा दुहेरी रेघेचा 'आर' कसा टाइप करायचा? छापताना त्याचा चौकोन का होतो?

तुम्ही परभणीत अकरावी-बारावीचे क्लास घेता, आणि मोबाईलवर नीट दिसणारा हा 'आर' प्रश्नपत्रिकेत छापताना चौकोन होतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात तसली स्टायलिश अक्षरं चालतील का, हेही विचारलंय. मी लातूरला गणित शिकवतो. सराव परीक्षेच्या आदल्या रात्री मला प्रेसवरून फोन आला होता, "सर, हे डब्बे कामून यायलेत?" तोवर 180 प्रती छापून झालेल्या. घरच्या सगळ्यांनी मिळून रात्री पेनाने एकेक आर काढला.

झालं असं होतं, की प्रेसमध्ये माझा मजकूर जुन्या, युनिकोडच्या (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टात बदलून घेतला होता. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या घरांतच मराठी अक्षरं बसवलेली असतात. आपल्या आरला तिथे घरच नाही, म्हणून डबा. तेव्हापासून मी वर्डची फाईल देतच नाही. पीडीएफ करून देतो, म्हणजे फॉन्ट फाईलच्या आतच जातो, आणि "यातलं काही बदलू नका, आहे तसं छापा" असं सांगतो.

आता टाइप करायचं. हे अक्षर म्हणजे साध्या आरला दिलेली सजावट नाही, युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक आहे. वर्डमध्ये 2, 1, 1 आणि लगेच इंग्रजी डी टाइप करा, मग आल्ट धरून एक्स दाबा. चारही खुणा जाऊन तिथे आर उभा राहतो. नैसर्गिक संख्यांच्या एनसाठी 2115, पूर्णांकांच्या झेडसाठी 2124, संमिश्र संख्यांच्या सीसाठी 2102. कीबोर्ड मात्र इंग्रजीवर हवा, मराठी अंक टाइप झाले तर आल्ट-एक्स काही करत नाही. पुष्कळांचं इथेच अडतं. मोबाईलवर एकदा कॉपी करून कीबोर्डच्या पर्सनल डिक्शनरीत शॉर्टकट करून ठेवा.

फळ्यावर खडूने ठळक अक्षर काढता येत नाही, म्हणून गणितवाल्यांनी एक रेघ दुहेरी काढायला सुरुवात केली. तीच पद्धत पुढे छपाईत आली. नववीच्या बालभारतीच्या पुस्तकात तर साधाच आर आहे, आणि पूर्णांकांना आय. त्यामुळे शाळेच्या वर्गांसाठी या भानगडीत पडू नका, मुलं उगीच गोंधळतात.

स्टायलिश अक्षरांचं म्हणाल, तर ती खरं तर गणितासाठीच आहेत. 2001 साली युनिकोड 3.1 मध्ये ठळक, तिरकी, दुहेरी अशी सुमारे हजार गणिती अक्षरं आणि अंक एकदम आले. आर, एन, झेड, क्यू, सी ही दुहेरी अक्षरं त्याआधीपासून होती, म्हणून नव्या रांगेत त्यांची घरं मुद्दाम रिकामी ठेवली आहेत. नव्या रांगेतल्या एकेका अक्षराला कॉम्प्युटरच्या आत बऱ्याचदा दोन-दोन जागा लागतात आणि जुनी सॉफ्टवेअर तिथे अडखळतात. त्या मानाने तुमचा आर सुरक्षित आहे.

पण त्या अक्षरांत क्लासचं नाव किंवा सूचना लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती. माझ्या एका विद्यार्थ्याला दिसत नाही, फोन त्याला मेसेज वाचून दाखवतो. परीक्षेची वेळ बदलल्याचा मेसेज मी अशाच ठळक इंग्रजी अक्षरांत टाकला होता. त्याच्या फोनने एकेका अक्षराला "मॅथेमॅटिकल बोल्ड कॅपिटल" म्हणत सगळी ओळ वाचली. शब्द काही त्याच्या हाती लागला नाही. तो जुन्याच वेळेला, दोन तास आधी येऊन पायरीवर बसला होता. ठळक करायचं असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना एकेक तारा (*) टाका, व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच ठळक करतं आणि फोनला शब्द शब्दासारखाच वाचता येतो.

छापायला देण्याआधी पीडीएफ दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून पाहा. तिथे आर दिसला, तर तो फाईलमध्ये बहुधा नीट बसलाय.