बी-१ वर जर्मनीला निघू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, आयसीयूचा अनुभव गाठीशी आहे आणि एजंट म्हणतोय की जर्मन भाषेची बी-१ पातळी झाली की व्हिसा, पुढचं तिकडे गेल्यावर. बी-१ वर व्हिसा मिळतो, हे खरं आहे. तरी माझं ठाम मत आहे की त्याच्या वरची पातळी, बी-२, इथेच करून निघ.

तिथे पूर्ण नर्स म्हणून काम करायला 'उर्कुंडे' लागतं, म्हणजे सरकारी परवाना, आणि त्यासाठी बी-२ लागतं. तोवर पद मदतनिसाचं आणि पगारही त्याच पायरीचा. सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या ड्युट्या करून संध्याकाळचा भाषेचा क्लास धरणं फार जड जातं, त्यातून परवाना लांबतो. पहिल्याच आठवड्यात हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, जर्मनमधून घ्यावा लागतो आणि आजोबा-आजी पेशंट पुस्तकातलं जर्मन बोलत नाहीत. स्टुटगार्ट शहराच्या बाजूला तर श्वाबियन बोली कानावर पडेल.

गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी-२ परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग असतात. प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत, पण राहिलेला भाग सुटा देता येतो. शून्यापासून बी-२ पर्यंत ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. रोज ४, आठवड्याला ५ दिवस धरल्या तरी ३० ते ४० आठवडे झाले, आणि घरचा अभ्यास वेगळाच. '६ महिन्यांत बी-२' अशी जाहिरात दिसली तर हा हिशोब कर. मेट्रनशी बोलून काही महिने एकच शिफ्ट मिळते का बघ. रात्रपाळी करून सकाळच्या क्लासला बसलं की डोक्यात काही शिरत नाही.

भाषा चालू असतानाच कागदांना लाग. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि तुझाही डोळा तिथेच आहे. त्या राज्यात आपल्या शिक्षणाची तुलना स्टुटगार्टचं सरकारी कार्यालय करतं. ते डिप्लोमापेक्षा तास बघतात: कोणत्या विषयाचे थिअरीचे किती, वॉर्डातले किती. नुसत्या मार्कशीटवर हे नसतं. नर्सिंग स्कूलकडून विषयवार तासांचा तक्ता प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी माग. अनुभवपत्रात विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, खाटा आणि तू काय काय करत होतीस हे लिहून घे. 'समाधानकारक काम केले' एवढ्या ओळीचा उपयोग शून्य. उलट चांगल्या अनुभवपत्राने शिक्षणातली काही उणीव भरून निघू शकते.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ नावाचा होतो. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्न झालं असेल तर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. तिथल्या कारकुनाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. दहावी, डिप्लोमा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघ. फरक असेल तर राजपत्र, विवाह प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र आधी तयार कर आणि मगच भाषांतराला दे. मूळ कागद एजंटच्या ताब्यात कधीही देऊ नकोस.

तुलनेनंतर बहुधा कमतरतेचं पत्र येतं, म्हणजे शिक्षणात काय कमी आहे ते कळवणारं. ते नकाराचं पत्र नाही. त्यानंतर एक तर प्रशिक्षण करायचं किंवा ज्ञानपरीक्षा द्यायची. परीक्षेत तोंडी ४५ ते ६० मिनिटं आणि खऱ्या पेशंटसमोर प्रात्यक्षिक. नापास झालेला भाग एकदाच पुन्हा देता येतो.

प्रात्यक्षिकात आपल्या हुशार मुली अडकतात त्या स्पंजिंगपाशी, म्हणजे पेशंटचं अंग पुसण्यापाशी. इथे ते वॉर्डातल्या मावशी नाहीतर नातेवाईक करतात. तिथे नातेवाईक उशाशी बसलेले नसतात. अंघोळ, भरवणं, डायपर, कूस बदलणं हे सगळं नर्सचंच काम. उलट आयव्ही लावणं, रक्त काढणं बऱ्याच ठिकाणी डॉक्टर करतात. आयसीयूतून गेलेल्या मुलीला वाटतं, आपलं कौशल्य वाया गेलं. हे मनाला पटत असेल तरच जा. आणि आत्तापासून वॉर्डातल्या मावशींसोबत उभी राहून शीक: दार वाजवून आत जायचं, हाताला ३० सेकंद सॅनिटायझर, काय करणार ते पेशंटला आधी सांगायचं, जेवढा भाग धुतेस तेवढाच उघडा ठेवायचा, गुप्तांगाआधी पाणी बदलायचं. न सांगता हात लावला की परीक्षकाच्या भुवया उंचावतात.

आता पैसे. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते तू स्वतः तपास. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. जर्मनीत योग्य भरतीचं एक सरकारी मानचिन्ह आहे. ते असलेल्या संस्थांनी नर्सकडून पैसे घ्यायचे नसतात, खर्च मालकाचा. तिथूनच शोध सुरू कर.

'क्लास मोफत' असं असेल तर करारातलं परतफेडीचं कलम शोध. मध्येच सोडलं तर किती युरो भरायचे, काम केलेल्या दर महिन्याला ती रक्कम घटते का, मालकानेच काढलं तरी लागू होते का, आणि परीक्षेत नापास झालं तर काय, या चारही गोष्टींची उत्तरं लेखी घे. जर्मन प्रत हीच कायदेशीर, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं, म्हणून इंग्रजी प्रतीवर विसंबू नकोस. करार हाती आला की दोन्ही प्रती मला पाठव, सही त्यानंतर.

तुझी,
मावशी