दत्तकपत्राचा कागद आणि शिरोळची आजी

प्रश्न : वकीलताई, मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे, वय 34. 2021 साली लग्न झालं, बायकोचं हे दुसरं. तिची मुलगी आता बारा वर्षांची आहे. मुलगी तीन वर्षांची असताना तिचा बाप सुरतेला कामाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. 2020 मध्ये एकतर्फी घटस्फोट झाला, ताबा आईकडे आहे. मागच्या वर्षी आम्हाला एक मुलगी झाली. परवा मोठीनं वहीवर माझं आडनाव लिहिलं, तर बाईंनी ते खोडायला लावलं. रात्री जेवली नाही. ओळखीचा एक टायपिस्ट सहा हजारात पाचशेच्या स्टॅम्पवर दत्तकपत्र करून देतो म्हणतोय. बाप सात वर्षं बेपत्ता असला की मेलाच धरतात ना? दोन वर्षांमागे दिवाळीत त्याच्या आईला, शिरोळला, त्याचा फोन आला होता म्हणतात, तेवढंच. मित्रानं सुप्रीम कोर्टाचा एक निकालही पाठवलाय.

उत्तर : ते सहा हजार आधी खिशात ठेवा. असली दत्तकपत्रं माझ्या टेबलावर बरीच येतात, शिक्का ठसठशीत आणि आत काही नाही. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात स्वतःची मुलगी हयात असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. घेतलीच तर ते दत्तक कायद्यानं शून्य. म्हणजे तुमच्या धाकटीच्या जन्मानं तो रस्ता बंद झाला. धाकटी नसती तरी आईच्या एकटीच्या सहीनं भागलं नसतं. बापाची संमती लागतेच. त्यानं संन्यास घेतला, धर्म सोडला किंवा कोर्टानं त्याला वेडा ठरवलं, तरच ती लागत नाही. ‘पळून गेला’ हे त्या यादीत नाही, आणि घटस्फोटानं तो नवरा राहत नाही, बाप राहतो.

आता सात वर्षांचं. ज्यांना त्याची खबर कळायला हवी, त्यांना सात वर्षांत ती कळलीच नसेल, तर कोर्ट मृत्यू गृहीत धरू शकतं. आईइतकं जवळचं कोण? तिला फोन आलाय, म्हणजे सात वर्षं मोडली. प्रतिज्ञापत्रात तो फोन लपवायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. मित्राचा निकाल 2022 चा असणार. नव्या नवऱ्याचं नाव कागदोपत्री ‘सावत्र वडील’ म्हणून लावायला सांगणं जवळपास क्रूरपणाचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं. निकाल चांगलाच आहे, पण त्यातला बाप खरोखर वारला होता.

तुमच्यासाठी रस्ता आहे तो बाल न्याय कायदा, 2015 चा. सावत्र पालकानं दत्तक घेण्याची सोय त्याच्या नियमावलीत आहे, आणि घरात आधीची मुलगी असली तरी अडत नाही. तुम्ही आणि पत्नी, दोघांनी मिळून ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी करायची. मदतीला जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. 2021 च्या दुरुस्तीनं दत्तकाचा हुकूम कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे नेला आणि त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, म्हणून अर्ज कुठे करायचा ते कक्षात विचारूनच ठरवा. ताब्याच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल आधी काढून ठेवा.

बापाच्या संमतीचा कागद इथेही लागतो. म्हणून म्हणते, शिरोळला जा. मोटारसायकलवर एकट्यानं नाही, पत्नीला आणि मोठीला घेऊन. म्हातारीला वाटत असणार की सही झाली की नात गेली. कायद्यानं ते नातं खरंच तुटतं, ते तिच्यापासून लपवू नका. पण मुलीच्या नावावर आधीच काही आलं असेल तर ते मुलीचंच राहतं, आणि आजीला भेटायला कोणता कायदा आड येत नाही, हेही सांगा. लेकाचा नंबर तुमच्या वकिलाला नाही, पण तिला सापडेल. नाहीच सापडला, तर शेवटच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्ट, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आणि एवढं शोधल्याचे पुरावे घेऊन कोर्टाकडे आदेश मागणं. याला वेळ जातो.

मुलीचं मतही विचारलं जाईल. तिनं वहीवर ते लिहूनच ठेवलंय, तरी घरी एकदा तोंडानं विचारा. फक्त आडनाव हवंय की आणखी काही, ते कळेल.

तोवर एक काम याच आठवड्यात करा. दत्तक होईपर्यंत मोठी तुमची कायदेशीर वारस नाही. उद्या तुम्हाला काही झालं तर धाकटीला वाटा मिळेल, मोठीला नाही. मृत्युपत्र करा. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, तुमच्या सहीला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही द्यायचंय त्यांना साक्षीदार करू नका. हे मात्र त्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलंत तरी चालेल.