औषध दुकानातली नोकरी सोडून प्रोग्रामिंग शिकलो. स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकता येईल का?

नक्की येईल. दुकानात काढलेली वर्षं हेच तुमचं खरं भांडवल आहे.

मी औषधांच्या होलसेलमध्ये हिशेब लिहायचो, तिथून या कामात आलो. पहिलं बिलिंग सॉफ्टवेअर घेऊन ओळखीच्या मेडिकलमध्ये गेलो. गिऱ्हाइकाने दहाच्या पट्टीतल्या चारच गोळ्या मागितल्या. दुकानदारकाकांनी कात्रीने पट्टी कापली आणि माझा प्रोग्रॅम अडला, कारण त्याला फक्त पूर्ण पट्ट्या मोजता येत होत्या. मग महिनाभर रोज संध्याकाळी मी त्यांच्या काउंटरमागे बसलो. सुटी विक्री, बॅच नंबर, एक्स्पायरी जवळ आलेला माल परत पाठवणं, उधारी, सगळं तिथेच उमगलं. तुम्हाला हे आधीच ठाऊक आहे, म्हणून तुमची सुरुवात माझ्यापेक्षा चांगली होईल.

पहिली पाच दुकानं चालत जाता येईल अशा अंतरावरची घ्या. एकरकमी किंमत लावू नका, वार्षिक फी ठेवा. विकल्यावरही फोन येतच राहतात, आणि ते उचलायलाच हवेत.

कागदपत्रांचं थोडक्यात: महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची नोंदणी) सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि मध्ये कुठे प्रोग्रामर म्हणून नोकरी केलीत, तर तिथला कोड यात आणू नका. वेगळा करार नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो मालकाचा असतो.